आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र: औषधाला चार तारे, वाटेला एक

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला इथे येते. ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. तपासणी, गोळ्या सगळं फुकट. सिस्टर तर लाखात एक. "आजी, लोणचं सोडलं का?" हे दर खेपेला विचारणारच. (सोडलेलं नसतं.) डॉक्टर मात्र दुपारनंतर भेटतीलच असं नाही.

खरं दुखणं रस्त्याचं. फाट्यापर्यंत बांधकाम खात्याचा प्रमुख जिल्हा मार्ग, गुळगुळीत. पुढचा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, म्हणजे दवाखाना ज्यांचा त्यांचाच! 108 ची गाडी तिथे अक्षरशः रांगते. आत बाळंतीण असली तर विचारूच नका.

फाट्यावरच देशी दारूचं दुकान, तिथवर डांबर बरोबर पोचलंय. पण त्याबद्दल जिल्हा परिषदेला बोलून उपयोग नाही, परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली' केली, म्हणजे दुकानाविरुद्ध मत दिलं, तर दुकान बंद होतं. आमच्या बचत गटाने मतदानाच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला घेतल्यात.

आणि हो, सकाळी लवकर जा, बाकं कमी आहेत.