क्लार्कस्टनजवळची निर्वासितांची बाग: स्वयंसेवेच्या एका हंगामाचे परीक्षण

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या पूर्वेला, क्लार्कस्टन नावाचे 15 हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेले छोटे शहर आहे. 1980च्या दशकापासून तेथे निर्वासित कुटुंबांचे पुनर्वसन होत आले असून भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक, म्यानमारमधील कारेन, काँगोचे, सोमालियाचे आणि अफगाणिस्तानचे लोक तेथे एकाच इमारतीत शेजारी म्हणून राहतात. या परिसरातील एका सामुदायिक बागेत मी 2025च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, एका आड एक शनिवारी, स्वयंसेविका म्हणून काम केले. पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि बाग चालवणारे हात मोजकेच आहेत, म्हणून तिचे नाव येथे देत नाही.

आधी बागेविषयी. जमीन जॉर्जियाची प्रसिद्ध तांबडी चिकणमाती. कोकणातील मातीची आठवण करून देणारी, परंतु पावसानंतर बुटाला चिकटली की सुटता सुटत नाही अशी. त्यामुळे बहुतेक लागवड लाकडी चौकटींच्या गादीवाफ्यांत असून एका कुटुंबाच्या वाट्याला साधारण 100 चौरस फूट जागा येते. एवढ्या जागेत घराचे पोट भरत नाही, हे स्वच्छपणे सांगितले पाहिजे. धान्य, डाळ, तेल विकतच आणावे लागते. मग या वाफ्याचा अन्नसुरक्षेशी संबंध काय, हा प्रश्न मलाही पहिले दोन महिने पडला होता. त्याचे उत्तर मला म्यानमारच्या एका आजींच्या वाफ्यात मिळाले. तेथे कमरेएवढी अंबाडी उभी होती. बर्मी लोक तिला 'चिन बाउंग' म्हणतात आणि मिरची व सुकी कोळंबी घालून परततात. आपण कण्या आणि डाळ घालून शिजवतो व वरून लसणाची फोडणी ओततो. मदतकेंद्रातून मिळणाऱ्या खोक्यात डबाबंद घेवडा असतो, पास्ता असतो, शेंगदाण्याचे लोणी असते, अंबाडी नसते. पोटापुरते अन्न हाती असूनही घरात रोज काय शिजवायचे हे कळत नाही, अशी जी अवस्था होते, तिच्यावर हा लहानसा वाफा नेमके काम करतो. मेपासून दव गोठवणारी पहिली थंडी पडेपर्यंत पालेभाजी विकत घ्यावी लागली नाही, तर तेवढे पैसे भाड्याकडे वळतात.

त्याच हंगामात या गोष्टीला अधिक धार आली. 4 जुलै 2025 रोजी स्वाक्षरी झालेल्या संघीय कायद्याने, सरकारी अन्नसाहाय्याच्या 'स्नॅप' योजनेतून निर्वासितांना ग्रीन कार्ड मिळेपर्यंत वगळले. ग्रीन कार्डासाठी अर्ज करण्याआधीच एक वर्षाचे वास्तव्य लागते, म्हणजे ज्या काळात माणूस सर्वांत अडचणीत असतो नेमका तोच काळ कोरडा जातो. वाफ्यासाठी नाव नोंदवून थांबलेल्यांची यादी मी येण्याआधीही होतीच. बाग ही त्या योजनेची जागा घेऊ शकत नाही आणि कोणी तसे भासवत असेल तर ते चूक आहे.

आता स्वयंसेवकांच्या व्यवस्थेविषयी, कारण परीक्षण खरे तर तिचे आहे. वाफे घेणाऱ्यांना मिळणाऱ्या सेवेला (बियाणे, रोपे, कंपोस्ट, मांडवासाठी बांबू, वर्षाकाठी नाममात्र शुल्क) मी पाचपैकी साडेचार गुण देईन. स्वयंसेवकांच्या व्यवस्थेला अडीच. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांचा परिचय झाला. त्यात सही करायचा कागद, स्वच्छतागृह आणि अवजारांची खोली दाखवण्यात आली, परंतु कोणते रोप भाजीचे आणि कोणते तणाचे, हे सांगितले गेले नाही. ही चूक किती महाग पडते ते लगेच दिसले. एका स्वयंसेवकाने काँगोच्या कुटुंबाचा माठ मुळासकट उपटला. बिचाऱ्याचा दोष नव्हता, कारण जॉर्जियाच्या कापसात माठाच्याच जातीचे एक तण शेतकऱ्यांचे वैरी म्हणून कुप्रसिद्ध आहे. काँगोमध्ये मात्र माठ 'लेंगा-लेंगा' या नावाने रोजच्या जेवणात असतो. मी मनातल्या मनात हसले आणि पुढच्याच खेपेला शेजारच्या वाफ्यातली कामुनी तण समजून उपटून ढीग घातला. वाफ्याची मालकीण आली, काही न बोलता त्या ढिगातले कोवळे शेंडे खुडले, जुडी बांधली आणि पिशवीत टाकली. आमच्याकडे सांगलीला बांधावरची कामुनी आजी खात असे, हे मला घरी परतताना गाडीत आठवले.

दुसरी तक्रार गर्दीची. शनिवारी कंपन्यांचे तीस-तीस जणांचे गट एकसारखे शर्ट घालून येतात, दोन तास लाकडाचा भुसा पसरतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. भुसा पसरणे हे खरोखर उपयोगाचे काम आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या वेळी वाफेवाली माणसे बाजूला उभी राहून आपलेच वाफे तुडवले जात नाहीत ना, हे पाहत असतात. शिवाय नळ एकच असल्याने जुलैच्या उन्हात झारी घेऊन रांग लागते. नोंदणीचे ॲप केवळ इंग्रजीत आहे आणि दुभाषी महिन्यातून एकदाच येतो.

मराठी माणसाला येथे एक सोय आपोआप मिळते. भूतानी नेपाळी वाफ्यांवरच्या पाट्या देवनागरीत असतात. 'मुला', 'मेथी', 'करेला' वाचता येतातच. 'रायो' म्हणजे मोहरीचा रुंद पाला आणि 'इस्कुस' म्हणजे मांडवावर चढणारी चायोट नावाची वेलभाजी, हे विचारून घ्यावे लागले. पूर्व नेपाळच्या छावण्यांत अठरा वर्षे काढून आलेल्या एका बाईंना सगळे 'आमा' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला 'नानी' म्हणत, म्हणजे बाळ. त्यांचे हिंदी आणि माझे हिंदी सारखेच मोडके असल्याने संभाषण उत्तम चाले. विळ्याने रायोचे बाहेरचे पान कसे काढायचे आणि गाभा का ठेवायचा, हे मला त्यांनी तीन वेळा हात धरून शिकवले. एकूण हंगामात माझ्या मदतीपेक्षा माझे शिक्षणच अधिक झाले असावे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी घोट्यापर्यंतचे बूट जरूर घालावेत, कारण आग्या मुंग्यांची वारुळे पायवाटेलगतच असतात आणि त्यांचे फोड आठवडाभर जात नाहीत. खुरपे घरचे न्यावे. तेथील लांब दांड्याची अवजारे वाफ्यात चालत नाहीत. एखाद्या शनिवारी उत्साहाने जाऊन येण्याचा बागेला फारसा उपयोग नाही, आणि लहान मुलांना 'सेवेची सवय' लावण्यासाठी ही जागा योग्य नाही. बुधवारी संध्याकाळी गट येत नाहीत, आणि कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांतली पाळी संपवून वाफेवाले स्वतः त्याच वेळी येतात. येत्या मार्चपासून मी माझे नाव बागेच्या या बुधवारच्या वेळेसाठी दिले आहे.