पेनड्राइव्हवरच्या डिलीट फाइल्स: परत आणायच्या की कायमच्या पुसायच्या?

पेनड्राइव्हवरची फाइल दिसेनाशी झाली की बरेच जण लगेच रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधायला लागतात. त्याआधी एक तपासा: फाइल खरोखर डिलीट झाली आहे की नुसती लपली आहे?

जागा भरलेली दिसते आणि आत काहीच नाही, असं असेल तर फाइल लपलेली असण्याची शक्यता मोठी. शॉर्टकट व्हायरस, म्हणजे खऱ्या फाइल्स लपवून त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट ठेवणारा व्हायरस, फाइल्सना 'हिडन' आणि 'सिस्टम' असे दोन्ही गुणधर्म लावतो. म्हणून विंडोजमध्ये फक्त 'हिडन आयटम्स' चालू करून भागत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन संरक्षित सिस्टम फाइल्स लपवण्याची खूणही काढावी लागते. फाइल्स दिसल्या की दुसरीकडे कॉपी करा, शॉर्टकटना हात लावू नका.

मॅक आणि लिनक्सवर डिलीट केलेली फाइल बहुधा पेनड्राइव्हवरच, कचऱ्याच्या लपलेल्या फोल्डरमध्ये पडून राहते. फाइल्स काढूनही जागा मोकळी होत नाही, याचं नेहमीचं कारण हेच. ट्रॅश उघडा: हवी ती फाइल परत घ्या, नको ते रिकामं करा. विंडोजचं उलट आहे. तिथे पेनड्राइव्हवरची डिलीट केलेली फाइल सहसा रीसायकल बिनमध्ये जातच नाही.

तरीही तिचा मजकूर लगेच पुसला जात नाही. फॅट32 मध्ये (पेनड्राइव्हवर फाइल्सच्या नोंदी ठेवण्याची एक पद्धत) नावाच्या नोंदीवर 'डिलीट' अशी खूण होते, फाइलचे तुकडे कुठे आहेत याची साखळी मिटते, पण मजकूर जागच्या जागी राहतो, नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. त्यामुळे पेनड्राइव्हवर काहीही कॉपी करू नका. सॉफ्टवेअर आणि परत मिळालेल्या फाइल्स, दोन्ही दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ही काळजी नाही घेतली तर पुढची सगळी तुलना व्यर्थ आहे.

नुकतंच डिलीट झालं असेल आणि विंडोज वापरत असाल तर रेकुव्हा हे रिकव्हरी सॉफ्टवेअर सोपं. फाइल्सची यादी नावांसकट दिसते, हवं ते निवडता येतं. पेनड्राइव्ह फॉरमॅट झाला असेल किंवा उघडतच नसेल तर मी फोटोरेककडे वळेन. ते नोंदींकडे न बघता प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधतं, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मोफत चालतं. मोबदल्यात मूळ नावं आणि फोल्डर जातात. शेकडो फोटो असतील तर निवडायला वेळ काढावा लागेल. तुकड्यातुकड्यांनी साठलेली मोठी फाइल दोन्हींकडून अर्धवट येऊ शकते. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरीही मोफत आहे, पण ते कमांड टाइप करून चालवावं लागतं. ज्याला याची सवय नाही त्याने उगाच त्या वाटेला जाऊ नये.

पुसण्याचा निर्णय मात्र लवकर होतो. क्विक फॉरमॅट पुरेसं नाही, कारण त्यात नोंदी नव्याने तयार होतात आणि मजकूर राहतो. पेनड्राइव्ह कुणाला द्यायचा असेल तर विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा; विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ते सगळीकडे शून्य लिहितं. आतल्या फाइल्स ठेवून फक्त मोकळी जागा पुसायची असेल तर मायक्रोसॉफ्टचं एसडिलीट हे कमांड टाइप करून चालवायचं साधन उपयोगी पडतं. विंडोजमधल्या डिस्कपार्ट या साधनाची 'क्लीन ऑल' कमांडही सगळं पुसते, पण डिस्कचा क्रमांक चुकला तर दुसऱ्याच डिस्कवरचं सगळं जाईल. पूर्ण फॉरमॅटने काम होत असताना हा धोका कशाला?

पेनड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीतला कंट्रोलर (कुठे काय लिहायचं ते ठरवणारी चिप) लिखाण वेगवेगळ्या जागी वाटत असतो, त्यामुळे एखादा जुना तुकडा पुसण्यातून निसटू शकतो. ओळखपत्रं, बँकेचे कागद अशा फाइल्स असतील तर पेनड्राइव्ह देऊच नका, मोडून टाका. नवीन पेनड्राइव्हवर असं काही ठेवायचं असेल तर पहिली फाइल टाकण्याआधीच एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय मजकूर वाचता येणार नाही अशी सोय, चालू करा.

आणि पेनड्राइव्ह संगणकाला ओळखूच येत नसेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. फाइल मोलाची असेल तर पुन्हा पुन्हा लावून न बघता डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या.