नदी अडवून वीज की उन्हातून वीज?

पूर्वी 25 मेगावॅटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प अक्षय ऊर्जेत धरायचे. मार्च 2019 मध्ये केंद्राने मोठ्यांनाही तोच शिक्का दिला. कागदावर धरण आणि सौर एकाच रांगेत बसले. पण मराठवाड्यातल्या पूर्णा नदीवरचं येलदरी धरण बघा: 22.5 मेगावॅटचं वीजघर, धरणात पाणी नसलं की गप्प. मराठवाड्यात पाऊस ओढ देतो, ऊन दगा देत नाही. सौर कृषी वाहिनीवर, म्हणजे शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या लाइनवर, मोटार दिवसा चालते. रात्री टॉर्च घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागत नाही. सौरला जमीन लागते, अंधारात ती वीज नसते, हे खरं. तरी धरणाखालचं उन्हाळ्यातलं पात्र आठवा: नुसते गोटे, वेड्या बाभळी, आटलेला डोह. अजून मोकळ्या वाहणाऱ्या नद्यांना तरी हात लावू नका.