परका पोरगा, श्रीमंत वस्ती: ‘द ओ. सी.’ की ‘गॉसिप गर्ल’?

दोन्ही अमेरिकन टीव्ही मालिकांमागे निर्माता जॉश श्वार्ट्झच. तरी माझं मत ‘द ओ. सी.’ला (२००३–०७). गाडीचोरीत पकडला गेलेला चिनो या गरीब गावचा रायन, आणि त्याला श्रीमंत न्यूपोर्ट बीचच्या आपल्या घरी आणणारा, गरीब आरोपींची बाजू लढवायला सरकारने नेमलेला वकील सँडी कोहेन. सँडी स्वतः न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागातला, म्हणून पोराचा राग त्याला न सांगता कळतो. पहिल्याच भागात रायन सिगारेट घेऊन रस्त्याकडेला उभा असतो, शेजारची मरिसा विचारते, तू कोण? त्या प्रश्नाने आजही गलबलतं.

‘गॉसिप गर्ल’मध्ये (२००७–१२) कपडे, कारस्थानं झकास. पण ब्रुकलिनच्या डॅनला घर आहे, पाठीशी बाप आहे. त्याला न्यूयॉर्कच्या अप्पर ईस्ट साइड या श्रीमंत वस्तीत शिरायचंय. रायनला जायला दुसरी जागाच नाही.