पळायला सुरुवात करायचीय, पण कुठे: ग्राउंड, रस्ता की ट्रेडमिल?

पस्तिशी-चाळिशी ओलांडली, शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, आणि आता पळायचं ठरवलंय. मग कुठे पळायचं? पुण्या-मुंबईकडचे सल्ले आपल्याकडे अर्धेच कामाचे, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो आणि तिकडच्या माणसाला ते लक्षातच येत नाही. तेव्हा हे इथल्या हिशोबाने. छातीत दुखणं, बीपी, शुगर असलं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मग पुढचं वाचा.

माझं मत ग्राउंडला. माती किंवा मुरूम असतो, गाड्या नसतात, आणि दम लागला की थांबायचं, घरापासून तीन किलोमीटर लांब येऊन अडकलोय असं होत नाही. नवशिक्याला हे फार मोठं आहे. फक्त एक गोष्ट सांभाळा, भरतीची पोरं. पहाटे साडेपाचला आपल्याकडच्या बहुतेक ग्राउंडवर ती दिसतातच, पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं आणि वेळेवर मार्क असतात, त्यामुळे ती जीव तोडून पळतात, वय वीस-बावीस, आणि आपण उगाच ईर्ष्येने त्यांच्यामागे लागलो की दुसऱ्या राऊंडलाच बरगडीखाली चमक निघते. ती आतल्या लाइनीने पळतात, आपण बाहेरची कड धरायची. आणि रोज एकाच दिशेने गोल फिरू नका, एका बाजूच्या पायावर वळणाचा जोर येत राहतो, एक दिवस उलटं फिरा.

ग्राउंड काळ्या मातीचं असेल तर मात्र गणित बदलतं. पावसाळ्यात बुटाला इतका चिखल चिकटतो की पाय उचलवत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अंधारात घोटा मुरगळतो. अशा वेळी रस्ता बरा.

रस्त्यात जळगावकर नशीबवान, मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी चालणारे एवढे असतात की सोबत आपोआप मिळते. बाकी ठिकाणी कॉलनीतला आतला रस्ता शोधा, हायवेची साइडपट्टी नको, रावेर-सावद्याकडून केळीचे ट्रक निघालेले असतात आणि पहाटे ड्रायव्हरच्या डोळ्यावर झोप असते. समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने पळा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, रोज त्याच उतारावर पळालं की एका बाजूचा गुडघा किंवा कंबर कुरकुरते, म्हणून रिकामा रस्ता असेल तिथे जरा मधे सरका. कुत्रं मागे लागलं तर पळायचं नाही, उभं राहायचं, मग हळू चालत निघायचं. खेड्यात अजून एक गंमत, चाळिशीचा माणूस रस्त्याने पळताना दिसला की कोणीतरी मोटरसायकल थांबवून विचारतंच, "काय भो, गाडी बंद पडनी का?" दोन आठवड्यांत सवय होते, त्यांनाही आणि आपल्यालाही. बायकांसाठी अंधारातला सुनसान रस्ता मी सुचवणार नाही, दोघी-तिघी मिळून असाल तर गोष्ट वेगळी.

ट्रेडमिलला लोक नावं ठेवतात, मी ठेवत नाही, पण बारा महिने तीच असेल तर कंटाळून सोडाल. एप्रिल-मे मात्र तिचेच. त्या दिवसांत संध्याकाळी सातला सुद्धा डांबर तापलेलं असतं, बाहेरच पळायचं असेल तर पहाटे उजाडताना निघून सातच्या आत घरी. उन्हाळ्यात बाहेर सुरुवात करणाराने पहिले दहा-पंधरा दिवस अगदी कमी पळावं, शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढे लागतात, आणि चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबून सावली गाठायची. ट्रेडमिलवर ती लाल क्लिप शर्टाला लावाच, पाय घसरला की दोरी ओढली जाऊन पट्टा बंद होतो. लाईट गेली तर पट्टा मधेच थांबतो, आपल्याकडे लाईट जाणं काही नवीन नाही. जिमवाला वर्षाची फी भरा म्हणून मागे लागेल, तुम्ही मार्च ते मे तीन महिन्यांची घ्या. सुरुवातच करायची असेल तर दिवाळीनंतरची थंडी सगळ्यात भारी, फक्त भरीत पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पळायचं ठेवू नका, कळण्याची भाकरी आणि तेलाचा तवंग पोटात घेऊन पाय उचलत नाहीत.

आता पळायचं कसं. इथेही दोन रस्ते आहेत. एक 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने १९९६ साली बनवलेला नऊ आठवड्यांचा प्लॅन, आठवड्यात तीन दिवस, पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं, मग चालणं कमी होत होत शेवटी सलग अर्धा तास. दुसरा जेफ गॅलोवेचा, हा १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळालेला माणूस, त्याच्या पद्धतीत मधलं चालणं कधीच बंद करायचं नाही, पूर्ण मॅरेथॉनमध्येही नाही. टार्गेट असल्याशिवाय हलत नसाल तर पहिला. वजन जास्त असेल किंवा पन्नाशीच्या आसपास असाल तर मी डोळे झाकून दुसरा म्हणेन. दोन्हीत वेग एवढाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

महिनाभरात दम लागणं कमी होतं आणि तिथेच बहुतेक जण फसतात, छाती-फुप्फुसं लवकर तयार होतात पण नडगी आणि पायाच्या शिरा-स्नायूबंधांना कित्येक महिने लागतात, म्हणून आता जमतंय म्हणून अंतर डबल केलं की नडगी ठणकायला लागते. ठणकली तर आठवडाभर नुसतं चाला. दाबल्यावर एकाच बोटभर जागी कळ येत असेल तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा, हाडाला बारीक तडा असू शकतो.

बूट सगळ्यात शेवटी. महागच पाहिजे असं नाही, रनिंगचा असावा, चपटा कॅनव्हास नको. घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, मोजे घालून दुकानातच दोन चकरा मारा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरतेय ना ते बघा.