दहा रुपयांची शिवभोजन थाळी: सांगलीत पोट कितपत भरतं?

आधी मापं. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, तेवढंच वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद. सगळं मिळून ४१० ग्रॅम. २६ जानेवारी २०२० ला राज्य सरकारची ही योजना सुरू झाली तेव्हा ठरलेलं माप हे. आपल्याकडच्या शाळूच्या भाकरीपुढे त्या चपात्या म्हणजे पापडच. कचेरीच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाला नाही. आणि माणशी थाळी एकच.

चव केंद्रागणिक बदलते. वरणात पळी फिरवल्यावर डाळ वर आली तर केंद्र नीट चाललंय असं समजावं. शहरात सरकार थाळीचे ५० रुपये धरतं: १० जेवणाऱ्याचे, ४० अनुदानाचे. अनुदान थकलं की चालक पदरचे घालतो, आणि तेही संपले की पाणी सर्वांत आधी वरणात पडतं.

ताट हातात येण्याआधी ॲपवर फोटो निघतो. चालकाचं बिल त्याच नोंदीवर निघतं, त्यामुळे तिथे हुज्जत घालून उपयोग नाही. सर्व्हर अडकला की रांगही अडकते. रोजच्या थाळ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त आकडा, ठरलेला असतो, म्हणून उशिरा जाऊ नये. रात्रीचं जेवण मात्र ज्याचं त्याने बघायचं.

ते कशातून बघायचं म्हटलं की सरकारची रोख मदत आठवते. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. सरकारच्याच हिशोबाने एक थाळी. औषध, भाडं, गॅस वेगळं. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं, म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे ५८ रुपयेसुद्धा नाहीत! एवढ्यात शहरात कोण जगतं?

हे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात, येतात आणि आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत पडतात. पासबुक ज्या बँकेचं आहे तिथेच येतील असं नाही. तहसीलला खेटे घालण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, बघावं. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवावा. ‘इनॅक्टिव्ह’ दिसलं तर बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरायचा. नुसतं केवायसी करून ते होत नाही, गफलत बहुतेक वेळा इथेच होते.

थाळीला पाचपैकी तीन. चपाती ५० ग्रॅमची केली तर चार.