मेमरी गेम स्वतः बनवायचाय: तयार किट, ब्रेडबोर्ड की झिरो पीसीबी?

चार रंगीत दिवे, चार बटणं, एक बझर. दिवे ज्या क्रमाने लागले त्याच क्रमाने बटणं दाबायची. जमलं की क्रमात आणखी एक दिवा वाढतो, चुकलं की खेळ खलास. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नव्याने हात घालणाऱ्यासाठी याहून चांगला पहिला प्रकल्प मला तरी सुचत नाही. भाग मोजकेच लागतात आणि तयार झालेली वस्तू घरातले सगळे वापरतात. नुसते लुकलुकणारे एलईडी लावून दाखवलेत तर घरचे "अरे वा" म्हणून आपापल्या कामाला लागतील. हा खेळ हातात दिलात तर आजीसुद्धा "थांब, अजून एकदा" म्हणेल.

बनवायच्या वाटा मुख्यतः तीन. सगळे भाग आणि छापील बोर्ड असलेलं सोल्डरिंग किट (म्हणजे वितळलेल्या धातूने भाग बोर्डाला डकवायचे) आणायचं, आर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड) घेऊन ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर) जोडायचं, किंवा सुटे भाग आणून झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) स्वतःच सगळं उभं करायचं. "सगळ्यात स्वस्त कुठलं?" हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात, पण त्याने निर्णय होत नाही. काम संपल्यावर तुमच्या हातात काय उरायला हवं, कौशल्य, प्रोग्रॅमची समज की टिकाऊ खेळणं, ते आधी ठरवा.

या खेळाचं मूळ नाव 'सायमन', तो 1978 सालचा. राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांनी तो अमेरिकेत घडवला, प्रोग्रॅम लेनी कोपने लिहिला आणि मिल्टन ब्रॅडली कंपनीने तो बाजारात आणला. त्याआधी, 1974 मध्ये, अटारीने 'टच मी' नावाचं असंच एक यंत्र काढलं होतं. बेअर-मॉरिसन जोडीला त्यातली कल्पना आवडली, आवाज मात्र आवडले नाहीत. म्हणून सायमनसाठी बिगुलाच्या धर्तीवरचे चार स्वर निवडले गेले, जे कुठल्याही क्रमाने वाजवा, कानाला खटकत नाहीत. एवढा इतिहास सांगायचं कारण म्हणजे या खेळाचा निम्मा जीव आवाजात आहे. दहाव्या दिव्यानंतर बरेच जण रंग सोडून चाल लक्षात ठेवायला लागतात. आणि घरी बनवताना नेमकं बझरकडेच दुर्लक्ष होतं.

किट

या प्रकारातलं नावाजलेलं किट म्हणजे कोलोरॅडोच्या स्पार्कफन कंपनीचं 'सायमन सेज'. त्यात एटीमेगा 328 ही 28 पायांची चिप आधीच प्रोग्रॅम भरून येते. दोन पेन्सिल सेलवर चालतं, कॉम्प्युटर लागतच नाही. तेरा फेऱ्या पार केल्यात की तुम्ही जिंकलात, आणि प्रत्येक बटण दाबायला तीन सेकंदांची मुदत. प्रोग्रॅम खुला आहे, त्यामुळे पुढे वाटलं तर तेराचे वीस करता येतात. परदेशातून मागवलं तर कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून किंमत चांगलीच फुगते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरात मात्र मुलांच्या सुट्टीसाठी ते सहज मागवता येईल. आपल्याकडे ऑनलाइन मिळणारी बिननावाची किटं त्यामानाने स्वस्त पडतात, पण त्यांतल्या चिपवरचा प्रोग्रॅम बहुतेकदा बंद असतो. खेळ चालेल, पण त्यात बदल करायला वाव नाही. घेण्याआधी दोन गोष्टी बघा: सूचनापत्रक नीट वाचता येईल असं आहे का, आणि चिपसाठी आयसी बेस (चिप खोचायचं सॉकेट) दिलाय का. बेस नसेल तर दुकानातून वेगळा आणा. किरकोळ पैशांची वस्तू, पण चिप उलटी बसली तर उपटून सुलटी बसवता येते. थेट सोल्डर केलेली 28 पायांची चिप काढणं हे नवख्याचं काम नव्हे.

किटचं खरं देणं म्हणजे सोल्डरिंगचा हात बसतो. नवखा माणूस सोल्डरची तार आयर्नच्या बिटवर (तापलेल्या टोकावर) वितळवतो आणि तो थेंब पायावर नेऊन टेकवतो. वरून चकचकीत दिसतं, आत सांधा धरलेलाच नसतो. टीव्ही दुरुस्त करणारे ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात तो हाच. बिट एकाच वेळी भागाच्या पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याच्या कड्याला टेकवायची, दोनेक सेकंद थांबायचं, आणि तार पायाला लावायची. तापलेला पाय तार स्वतःच ओढून घेतो. आधी तार बाजूला, मग आयर्न. सांधा गोल गोळीसारखा फुगलेला दिसला तर संशय घ्या. कडेकडेने पसरत पायापाशी निमुळता झाला तर पास. ग्राउंडचा (मायनसला जोडलेला) पाय इतरांपेक्षा हट्टी असतो, कारण त्याच्यामागे तांब्याचा मोठा पट्टा असतो आणि उष्णता तिकडे पळते. तिथे आणखी दोन-तीन सेकंद द्या, घाईने तारेचा ढीग करू नका.

25 वॅटचं साधं आयर्न, आत फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा राळेसारखा पदार्थ) असलेली 60/40 तार (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं), ओला स्पंज, कटर आणि जोडणी सलग असली की आवाज देणारा (कंटिन्यूटीचा) मल्टीमीटर, एवढ्यावर काम होतं. 60/40 तार 190 अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. शिसं नसलेल्या तारेला 217 च्या पुढे जावं लागतं, ती नवख्या हाताला त्रास देते. शिशाची तार वापरलीत तर काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि टेबलावर खाऊचा डबा ठेवू नका. धूर दिसतो तो मुख्यतः फ्लक्सचा. तोही छातीत जायला नको, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

किटची उणीवही सांगतो. बोर्डावर सगळं छापलेलं असतं: इथे एलईडी, इथे बझर. लांब पाय प्लसकडे, चपटी बाजू मायनसकडे, चिपची खाच छापील खाचेवर. एवढं पाळलं की खेळ चालतो, पण तो का चालतो हे शेवटपर्यंत झाकलेलंच राहतं. याचा दुसरा अर्थ असा की बिघडलं तर शोधायच्या जागाही मोजक्याच. सेल उलटे आहेत का, चिप फिरलीय का, कुठे ड्राय सोल्डर आहे का, की शेजारच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झालाय. पहिल्यांदा करणाऱ्याला ही मर्यादा फायद्याची आहे.

सायमनची एसएमडी किटंही (पाय भोकात न घालता बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायच्या बारीक भागांची) मिळतात. पहिलंच सोल्डरिंग असेल तर ती घेऊ नका. बस.

ब्रेडबोर्ड

इथे सोल्डर नाही, धूर नाही. आर्डुइनो ऊनो, चार एलईडी, चार रेझिस्टर, चार पुश बटणं, बझर आणि जंपर वायरी. बटणांना वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, चिपच्या आतले पुल-अप (बटण मोकळं असताना पाय प्लसकडे ओढून धरणारे रेझिस्टर) चालू केले की भागतं. खेळ समजून घ्यायला ही सगळ्यात सरस वाट, कारण प्रत्येक वागणूक तुम्हालाच लिहावी लागते आणि लिहिताना एकेक गंमत उघडी पडते.

पहिली गंमत क्रमाची. रँडम आकडे मागितलेत तरी बोर्ड चालू केल्यावर दर वेळी तोच क्रम येतो. लाल, निळा, निळा, पिवळा. बंद करून चालू करा, पुन्हा लाल, निळा, निळा, पिवळा. दोन दिवसांत घरातल्या पोरांचा तो पाठ होतो. चिपला नशीब वगैरे काही नसतं, ती ठरलेल्या गणिताने आकडे काढते. उपाय असा की खेळाडू पहिलं बटण कधी दाबतो ती वेळ मायक्रोसेकंदांत मोजायची आणि तिथून गणित सुरू करायचं. माणसाचा हात दोनदा नेमक्या त्याच क्षणी पडत नाही.

दुसरी गंमत बटणांची. दाबताना आतले पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिपला एका दाबात दोन-तीन दाब दिसतात. दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात हे खपून जाईल. इथे "लाल"चं "लाल-लाल" होतं आणि खेळाडू काही चूक नसताना बाद होतो. प्रोग्रॅममध्ये छोटा थांबा घालून हे मिटतं, पण ते कळेपर्यंत डोकं भणभणतं. तिसरी गोष्ट, चार पायांचं पुश बटण. त्याचे दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. बटण नव्वद अंशांनी फिरून बसलं तर चिपला ते सतत दाबलेलंच दिसतं. तिरपे, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय वापरा, मग कसंही बसलं तरी बिघडत नाही.

आणि आता बझर. दुकानात नुसतं "बझर द्या" म्हटलंत तर बऱ्याचदा अ‍ॅक्टिव्ह बझर हातात पडतो. त्याला करंट दिला की तो आपल्या एकाच सुरात किंचाळतो, चार रंगांना चार स्वर त्यातून निघायचे नाहीत. या खेळाला पॅसिव्ह बझर हवा. ओळखायचं सोपं: सेलला लावून बघा, अ‍ॅक्टिव्ह वाजत राहतो, पॅसिव्ह नुसता 'टिक' करतो. काउंटरवरच तपासून घ्या.

ब्रेडबोर्डचा मोठा दोष म्हणजे ती वस्तू होत नाही. चार जणांच्या हातून फिरली की एखादी वायर निसटते, आणि महिनाभरात ऊनो दुसऱ्या प्रयोगासाठी उपटला जातो. आठवण म्हणून मोबाइलमधला व्हिडिओ तेवढा उरतो.

झिरो पीसीबी

नुसत्या भोकांचा, तांब्याच्या टिकल्यांचा बोर्ड. भाग स्वतः मांडायचे आणि मागून वायरींनी जोडायचे. ऐकायला सगळ्यात मर्दुमकीचं, आणि म्हणूनच डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची मुलं थेट इकडे उडी मारतात. मी नको म्हणेन. खेळ चालला नाही तर दोष प्रोग्रॅममध्ये आहे, मांडणीत आहे की सोल्डरमध्ये, हे वेगळं काढता येत नाही. किटमध्ये मांडणीवर आणि ब्रेडबोर्डमध्ये सोल्डरवर संशय घ्यायचं कारणच नसतं. इथे तिन्ही आरोपी एकाच वेळी उभे.

मात्र आधीच्या दोन्ही वाटा चालून झाल्या असतील तर खरी मजा इथेच आहे. एटीटायनी 85 ही आठ पायांची चिप घ्या. दोन पाय सप्लायचे, एक रिसेटचा, उरले पाच. खेळाला मात्र चार दिवे, चार बटणं आणि बझर मिळून नऊ लागतात. मग एकाच पायाला दिवा आणि बटण दोन्ही जोडायचे: एलईडी रेझिस्टरसह प्लसकडून पायाकडे, बटण पायाकडून ग्राउंडला. दिवा लावायचा तेव्हा चिप तो पाय खाली, म्हणजे ग्राउंडकडे, ओढते, बाकी वेळ नुसता वाचते. बटण दाबलं की पाय ग्राउंडला जातो आणि दिवा आपोआप लागतो, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक ओळही लिहावी लागत नाही. पाळायचं पथ्य एकच, तो पाय कधीही आउटपुट करून हाय, म्हणजे प्लसवर, करायचा नाही. तेवढ्यात कुणी बटण दाबलं तर चिपच्या पायातून थेट शॉर्ट.

कोरी चिप प्रोग्रॅम करायला ऊनोच प्रोग्रॅमर म्हणून वापरता येतो. त्यामुळे "सुटे भाग स्वस्त" हा हिशेब ऊनो आधीच घरात असेल तरच जमतो.

मग कुणी काय घ्यावं?

दहा-बारा वर्षांचं मूल आणि शेजारी बसायला तयार असलेला मोठा माणूस असेल, तर किट. एकट्या मुलाच्या हाती आयर्न देऊ नका. पोळायला क्षण पुरतो. मुलाला कॉम्प्युटरची जास्त ओढ असेल तर ब्रेडबोर्ड, आणि सोल्डरिंग वर्षभराने. निवृत्तीनंतर छंद म्हणून सुरू करणाऱ्यांना मी किटच सुचवतो, सोबत दिव्याचं भिंग. कुणाला भेट म्हणून द्यायचा खेळ असेल तरीही किट, कारण तिथे टिकाऊपणा आणि दिसणं दोन्ही आलं. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला मिनी प्रोजेक्टसाठी हवा असेल तर आधी ब्रेडबोर्ड, मग झिरो पीसीबी. परीक्षक "हे दोनदा का दाबलं गेलं नाही?" असं विचारेल तेव्हा किटवाल्याकडे उत्तर नसतं.

दोन वाटांचे खर्च-कष्ट झेपणार असतील तर खुल्या प्रोग्रॅमचं किट घ्या, आधी नुसतं जोडा आणि खेळा, मग त्याच चिपमध्ये स्वतःचे स्वर आणि स्वतःचे नियम भरा. स्पार्कफनच्या बोर्डावर त्यासाठी जोडणीची जागाही ठेवलेली आहे.

सुट्या भागांसाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराला गर्दीत समजावत बसायला वेळ नसतो, तेव्हा यादी लिहून न्या: "पॅसिव्ह बझर, 28 पिन आयसी बेस, 5 मिमी एलईडी चार रंग, 220 ओहम रेझिस्टर". प्रत्येक भाग एक-दोन जास्तीचे घ्या. एका एलईडीसाठी पुन्हा बसचं तिकीट काढणं परवडत नाही.

शाळेचं गणित वेगळं. अटल टिंकरिंग लॅबमध्ये (सरकारी योजनेतल्या शाळेच्या प्रयोगशाळेत) किंवा सुट्टीतल्या शिबिरात तीस मुलं असतील तर किट एकदाच वापरून संपतं, ब्रेडबोर्डचं सामान पुढच्या तुकडीलाही चालतं. पण तीसही मुलांना घरी न्यायला काहीतरी हवं असतं, आणि पालक तेच बघतात. अशा वेळी प्रोग्रॅम ब्रेडबोर्डवर शिकवावा आणि शेवटच्या दिवशी दोघांत मिळून एक किट द्यावं: एकाने सोल्डर मारायचा, दुसऱ्याने प्रत्येक सांधा मल्टीमीटरने तपासून मगच पुढचा भाग लावू द्यायचा, आणि अर्ध्यावर अदलाबदल. किट कुणी घरी न्यायचं ते खेळूनच ठरवावं.